सोवेटोला जाल तेव्हा

जोहान्सबर्गला जाणारी मंडळी तिथल्या सोवेटो या कृष्णवर्णीयांच्या वस्तीसाठी दोन तास काढतात. निदान अर्धा दिवस ठेवा. जूनमध्ये जाणार असाल तर स्वेटर हवाच. आपल्याकडे पाऊस सुरू होतो तेव्हा तिथे थंडी असते. १६ जूनला देशभर सुट्टी असते आणि इथे गर्दी, म्हणून निवांत पाहायचं तर तो दिवस टाळा.

हेक्टर पीटरसन संग्रहालयात आधी जाऊ नका. स्थानिक गाइड घ्या आणि पहिल्यांदा मॉरिस आयझॅकसन हायस्कूल गाठा. १६ जून १९७६ च्या सकाळी इथून आणि नलेदी हायस्कूलमधून मुलं मोर्चाने ऑरलँडो स्टेडियमकडे निघाली होती. गणित आणि सामाजिक शास्त्रं गोऱ्या राज्यकर्त्यांच्या आफ्रिकान्स भाषेतून शिकायची, असा सरकारी हुकूम होता; मोर्चा त्याविरुद्ध होता, आणि पोलिसांनी त्यावर गोळ्या झाडल्या. कित्येक शिक्षकांनाच ती भाषा धड येत नव्हती. फाटकापाशी जरा थांबा. दहावीचा भूमितीचा पेपर अचानक परक्या भाषेत हातात पडला असता तर आपण काय केलं असतं?

मग गाडीने ऑरलँडो वेस्टला, खुमालो रस्त्यावर. हेक्टर पीटरसनचं स्मारक उघड्यावरच आहे आणि तिथे सॅम न्झिमांनी टिपलेला तो जगप्रसिद्ध फोटो आहे: गोळी लागलेला १२ वर्षांचा हेक्टर पीटरसन, त्याला उचलून नेणारा मबुयिसा मखुबो, शेजारी धावणारी हेक्टरची बहीण अँटोइनेट. नजर हेक्टरवर जाणारच. मखुबोकडे मुद्दाम पाहा. पोलिसांच्या ससेमिऱ्यामुळे त्याला देश सोडावा लागला. १९७८ मध्ये नायजेरियातून त्याचं आईला पत्र आलं, त्यानंतर काहीच नाही. (सेल्फी काढायचीच तर रस्त्यापलीकडे जाऊन काढा.)

आता तिकीट काढून शेजारच्या संग्रहालयात चला. लाल विटांची ही इमारत २००२ मध्ये खुली झाली. भिंतीवरचा मजकूर भरपूर आहे. सगळा वाचायचा हट्ट धरू नका. खिडक्या मात्र एकही सोडू नका. त्यांतून त्या दिवसाच्या जागा दिसतात, आणि आज तिथे कुणाचे कपडे वाळत असतात.

अंगणात मृतांच्या नावांचे दगड आहेत. तिथे हेस्टिंग्ज न्द्लोवूचं नाव शोधा. १५ वर्षांचा हा मुलगा हेक्टरच्या आधी गोळीला बळी पडला असं अनेक जण मानतात. त्या क्षणी समोर कॅमेरा नव्हता. तो कुठे पडला ते गाइडला विचारा आणि तिथवर चालत जा.

जेवायला विलाकाझी रस्ता जवळच आहे. मंडेलांचं घरही तिथेच, पण ते दुसऱ्या दिवशी पाहा.