मेंदूच्या व मज्जारज्जूच्या दुखापतींतील शुश्रूषा

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई येथे १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि भातशेतीच्या मुलखात देशाच्या सर्व प्रांतांतून आलेल्या कामगारांची वसाहत उभी राहिली. उंचावरून पडलेला कामगार, महामार्गावर धडक बसलेला सायकलस्वार, झाडावरून कोसळलेला खेडूत असे रुग्ण अशा परिसरातील रुग्णालयांत येत राहतात.

डोक्याला मार बसतो तेव्हा मेंदूला दोनदा इजा होते. पहिली आघाताच्या क्षणी. ती झाली ती झाली. दुसरी पुढील तासांत व दिवसांत होते. प्राणवायू कमी पडणे, रक्तदाब उतरणे, कवटीच्या बंद पेटीत मेंदू सुजणे ही तिची कारणे होत. परिचारिकेचा सारा लढा या दुसऱ्या इजेशी असतो.

शुद्धीची मोजदाद हे तिचे पहिले साधन. ग्लासगो येथील टीसडेल व जेनेट यांनी १९७४ साली मांडलेल्या मापनश्रेणीत डोळे उघडण्यास ४, बोलण्यास ५ व हालचालीस ६ असे जास्तीत जास्त गुण असतात. बेरीज ३ ते १५ यांच्या दरम्यान येते. एका वेळच्या आकड्यापेक्षा त्याची उतरण महत्त्वाची. तासाभरापूर्वी १४ गुण असलेला रुग्ण १२ वर आला, तर डॉक्टरांना तत्काळ बोलवावे. सकाळच्या फेरीची वाट पाहू नये. भिलाईसारख्या ठिकाणी येथे एक अडचण उद्भवते. तेलुगू वा उडिया भाषक मजूर हिंदी प्रश्नाने गोंधळला, की 'असंबद्ध बोलतो' असे लिहून त्याचे गुण कापले जाण्याचा संभव असतो. खेड्यातील म्हातारीला तर छत्तीसगढीतच विचारावे लागते. उलट, खरा गोंधळ 'भाषा कळत नसेल' म्हणून दृष्टीआड होणे हे अधिक घातक. म्हणून नातलगाकडून अथवा त्याच मुलखातल्या सहकाऱ्याकडून प्रश्न विचारवून घ्यावा, आणि तो कोणत्या भाषेत विचारला तेही तक्त्यावर नोंदवावे.

नाकातून पाण्यासारखा द्रव येत असल्यास तेथे बोळा कोंबू नये. नाकावाटे नळीही घालू नये. बेशुद्ध जखमीच्या मानेचा मणका मोडलेला आहे असेच तपासणी होईपर्यंत धरून चालावे. त्याला कुशीवर वळविण्यास चौघे लागतात. हुकूम डोके धरणाराच देतो, आणि शरीर ओंडक्यासारखे एकसंध वळते.

निरोगी माणूस झोपेतही कूस बदलतो, कारण दबलेली त्वचा त्याला टोचणी लावते. मज्जारज्जू निकामी झालेल्याला ही टोचणी उरत नाही. माकडहाड, टाचा, नितंब यांवरील त्वचेचा रक्तपुरवठा भाराखाली बंद पडतो आणि काही तासांत मांस मरू लागते. अशा शय्याव्रणांनी व मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने पूर्वी बहुतेक रुग्ण दगावत. १ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमध्ये स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी या रुग्णांसाठी विभाग उघडला आणि दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, कूस बदलण्याचा नियम कडकपणे पाळविला. या उपचारात औषध असे काहीच नाही. आहेत ते हात आणि घड्याळ.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर अथवा त्याच्या वर इजा असलेल्या रुग्णाचे डोके एकाएकी ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर तो नुसती गोळी देण्याचा प्रसंग नव्हे. रक्तदाब धोकादायक चढलेला असतो आणि त्याचे कारण बहुधा तुंबलेले मूत्राशय असते. रुग्णास उठवून बसवावे, कपडे सैल करावेत, मूत्रनलिका मुडपली आहे काय ते पाहावे आणि डॉक्टरांना निरोप धाडावा. अशा रुग्णास इजेखालील भागात घामही नीट येत नाही. दुर्गच्या मे महिन्यात त्याचे शरीर हवेबरोबर तापते. संसर्गाचा शोध घेत असतानाच खाट उन्हाच्या खिडकीपासून हलवावी व अंगावरून ओले फडके फिरवावे.

१९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे पडलेले मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि १९७२ साली हायडेलबर्ग येथे अपंगांच्या जागतिक स्पर्धांत ५० मीटर पोहण्याचे सुवर्णपदक त्यांनी मिळविले. घरी निघालेल्या रुग्णाच्या पत्नीला वा आईला मात्र आधी एक हात-आरसा द्यावा, आणि रोज सकाळी त्याने स्वतःची पाठ व टाचा त्यात कशा पाहायच्या ते दोघांकडून करवून घ्यावे.