लसणीचे कडे
छत्रपती शाहू महाराजांनी जनक पित्याच्या नावे वसविलेल्या जयसिंगपुराच्या आसपास परसात कोंबड्या चरतात, वाफ्यात लसूण वाढते. कोंबडी धडधाकट दिसली, तरी तिच्या आतड्यात साल्मोनेला हे जिवाणू असू शकतात; त्यांच्यामुळे माणसास ताप व जुलाब होतात.

प्रयोगशाळेत अगराच्या थरावर हे जिवाणू पसरून मधल्या खळग्यात लसणीचा रस घालतात. दुसऱ्या दिवशी थर धुरकट होतो. रसाभोवती मात्र स्वच्छ कडे उरते. ही करामत ॲलिसिनाची. कॅव्हॅलिटो व बेली यांनी ते १९४४ साली वेगळे केले. अखंड पाकळीत ते नसते, ठेचल्यावरच उपजते!

बशीतला विजय कोंबडीच्या पोटात टिकेलच असे नाही. तरी शोध निकडीचा आहे. अतिवापराने जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. म्हणूनच माणसाचा अखेरचा उपाय असलेले कोलिस्टिन कोंबड्यांना देण्यास भारत सरकारला २०१९ मध्ये बंदी करावी लागली.