परमुलखाची वाट

मंडळी, आज जळकोटाहून सोलापूरला जायचे तर काय लागते? तिकिटाचे पैसे असले की झाले. हैदराबाद–सोलापूर रस्त्यावर उभे राहावे, एस.टी.ला हात करावा, नळदुर्ग मागे टाकावे आणि सोलापुरात उतरावे. वाटेत राज्याची हद्द लागत नाही. खिशातला रुपया इथे चालतो, तसाच तिथेही चालतो.

पण आपल्या आजा-पणजाला हीच वाट परमुलखाची होती. ती कशी, ते आज वाचू.

एका वाटेवर दोन राज्ये

१९४८ सालापर्यंत जळकोट, नळदुर्ग, तुळजापूर हा सारा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात होते. तिकडचे लोक आपल्या भागाला 'मोगलाई' म्हणत. दोन्ही राज्यांच्या मध्ये हद्द होती. हद्दीवर करोडगिरीचे नाके होते. करोडगिरी म्हणजे निजामाचे जकात खाते. मालाचे गाठोडे सोडून दाखवावे लागे, जकात भरावी लागे.

नाणेही वेगळे होते. निजामाच्या रुपयाला 'हाली' म्हणत. इंग्रजी रुपयाला 'कलदार' म्हणत. सात हाली रुपये दिले म्हणजे सहा कलदार मिळत. सात रुपये घेऊन घरून निघालेला माणूस सोलापूरच्या बाजारात सहाच रुपयांचा धनी होई. पैसा वाटेत सांडला नाही, चोराने नेला नाही. हद्द ओलांडली, एवढेच. पुण्या-साताऱ्याकडचे भक्त आई तुळजाभवानीला येत, तेही ही हद्द ओलांडूनच.

१९४७ साली इंग्रज गेले. पण निजामाने आपले राज्य भारतात सामील केले नाही. रझाकारांचा जुलूम वाढला. कितीतरी कुटुंबे घरदार टाकून सोलापूर-बार्शीकडे गेली. तेव्हा हद्द ओलांडणे हा जिवाचाच सवाल झाला.

मग १३ सप्टेंबर १९४८ हा दिवस उजाडला. भारताची फौज सोलापूरकडून निघाली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल तिने ताब्यात घेतला. सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे आपल्या जळकोटात आले. त्याच दिवशी दुपारी फौज उमरग्याला पोचली. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला.

पुढे हाली रुपया पाडणे बंद झाले. १९५९ साली तो चलनातून पुरता गेला. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. जिथे दोन राज्यांची हद्द होती, तिथे दोन जिल्ह्यांची शीव उरली.

रस्ता तोच, माती तीच. राज्य बदलले, तशी वाट मोकळी झाली.

मोकळी वाट बंदही होते

याच्या उलटही घडते. १९४७ च्या आधी मुंबईहून कराचीला आगबोट जाई. कराचीत पुष्कळ मराठी कुटुंबे राहत होती. मुंबईचा माणूस आगबोटीत बसे नि कराचीला उतरे. देश एकच होता. फाळणी झाली आणि कराची दुसऱ्या देशात गेली. १९५२ पासून तिकडे जायला पासपोर्ट आणि व्हिसा लागू लागला. पासपोर्ट हा आपले सरकार देते. "हा माणूस आमचा" असे त्यात लिहिलेले असते. व्हिसा दुसरा देश देतो. "आमच्याकडे यायला हरकत नाही" असा तो परवाना असतो.

सोलापूर जवळ आले, कराची दूर गेली. मैल मात्र कमी झाले नाहीत, वाढलेही नाहीत.

तेल आणि रुपया

आता आखाती देशांकडे पाहू. दुबई, कुवेत ही नावे तुम्ही ऐकलीच आहेत. एके काळी तिथल्या बाजारात आपला भारताचा रुपया चाले! कुवेतने १९६१ साली स्वतःचे नाणे काढले. जून १९६६ मध्ये भारत सरकारने रुपयाची किंमत उतरवली. त्याआधी एका अमेरिकी डॉलरला पावणेपाच रुपये पडत, ते साडेसात पडू लागले. मग दुबईनेही आपला रुपया सोडला.

१९७३ साली अरब देश आणि इस्रायल यांची लढाई झाली. तेलाचा भाव काही महिन्यांत जवळजवळ चौपट झाला. तेलवाल्या देशांकडे पैसा आला. त्यांना रस्ते, घरे, बंदरे बांधायची होती. त्यासाठी माणसे हवी होती. भारतातून गवंडी, सुतार, वायरमन, ड्रायव्हर निघाले. आपल्या कोकणातले तर गावोगावचे तरुण गेले. तेलाचा भाव वाढला अरबस्तानात, आणि कौलारू घरावर स्लॅब पडला रत्नागिरीत!

रुपयाची किंमत उतरत गेली. २०२५ साली एक डॉलर ८५ रुपयांच्याही पुढे गेला. याचे दोन परिणाम होतात. परदेशात मजुरी करणारा घरी पैसे धाडतो, तेव्हा घरच्यांना रुपये जास्त मिळतात. पण मुलाला परदेशी शिकायला पाठवणाऱ्या बापाला फी भरताना रुपये जास्त मोजावे लागतात. हाली आणि कलदार यांचीच ही गोष्ट, फक्त मोठ्या बाजारातली.

लढाई आणि रोगराई

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकच्या फौजा कुवेतमध्ये घुसल्या. तिथे हजारो भारतीय कामाला होते. बँका बंद पडल्या. वर्षांची कमाई एका रात्रीत अडकली. सरकारने जॉर्डन देशातील अम्मान शहरातून विमानांनी एक लाखाहून अधिक माणसे मायदेशी आणली. माणसे परत आली, पण पुष्कळांच्या हाती अंगावरच्या कपड्यांखेरीज काही नव्हते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने परदेशी विमाने थांबली. नेमाची विमाने पुन्हा सुरू व्हायला मार्च २०२२ उजाडला. जाणारे इकडे अडकले, येणारे तिकडे अडकले.

जाणाऱ्याने काय करावे

तेलाचा भाव आपल्या हातात नाही. लढाई आपल्याला विचारून होत नाही. पण कागद आपल्या हातात असतो, आणि आता आपल्याला वाचता येते.

कामासाठी परदेशी जाणाऱ्या लोकांची फसवणूक होऊ नये म्हणून १९८३ साली भारत सरकारने कायदा केला. त्यात दलालाने सरकारी नोंदणी करावी, असे ठरले. म्हणून आपल्या घरचा कोणी परदेशी निघाला, तर एवढे करा :

१. दलालाची सरकारी नोंदणी आहे का, ते पाहा.
२. व्हिसा कामाचा आहे की नुसता फिरण्याचा, ते वाचून घ्या. फिरण्याच्या व्हिशावर कामाला जाऊ नये.
३. पगार, कामाचे तास, राहणे-खाणे करारात लिहिलेले असावे. तोंडी बोलीवर जाऊ नये.
४. पैसे दिले की पावती घ्या.
५. पासपोर्ट आणि करार यांची नक्कल घरी ठेवा.
६. जमीन गहाण टाकून जाण्याआधी घरात सर्वांनी बसून विचार करा. काम मध्येच सुटले तर कर्ज कसे फिटेल?

परमुलखात जाणे वाईट नाही. पण हद्द ओलांडली की सात रुपयांचे सहा होऊ शकतात, हे ध्यानात ठेवूनच पाऊल टाकावे.

शब्दांचे अर्थ

परमुलूख – दुसऱ्याचा देश
जकात – मालावरचा कर
शीव – हद्द
करार – दोघांनी कबूल केलेले लिखाण
नक्कल – कागदाची दुसरी प्रत

सांगा पाहू

१. हाली आणि कलदार म्हणजे काय?
२. सोलापूरची वाट मोकळी झाली आणि कराचीची बंद झाली. असे का झाले?
३. तेलाचा भाव वाढल्यावर आपली माणसे आखातात का गेली?
४. चौदा हाली रुपयांचे किती कलदार होतील?
५. गावातल्या वडीलधाऱ्या माणसांना हाली रुपयाच्या आणि नाक्याच्या ऐकलेल्या गोष्टी विचारा. त्यांनी सांगितलेले पाच ओळींत लिहा.