गावाचे जंगल आणि गावाचा नकाशा

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे लहानसे गाव. २००९ साली या गावाला सुमारे १,८०० हेक्टर वनक्षेत्रावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलमध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. या घटनेची चर्चा बहुधा बांबूच्या उत्पन्नापुरतीच होते. तथापि हक्क मागण्यापूर्वी 'आमचे जंगल ते हे' असे दाखवून द्यावे लागते आणि नेमके तेच काम अनेक गावांना जड जाते.

याचे कारण असे की, एकाच जंगलाचे दोन नकाशे असतात. एक वनखात्याचा, कक्ष क्रमांकांचा. दुसरा वडीलधाऱ्यांच्या स्मरणातला. उन्हाळ्यात पाणी कोणत्या नाल्याला टिकते, मोह कोठे वेचावयाचा, गुरे कोणत्या वाटेने जातात, देवाचे ठाणे कोठे, हे सारे त्यात असते. त्याची शीव नाल्याने, डोंगराच्या सोंडेने वा एखाद्या जुन्या झाडाने ठरते. सरळ रेषेने क्वचितच. असा जाणता माणूस गेला की नकाशाचा तेवढा भाग कायमचा पुसला जातो.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या दुसऱ्या नकाशाला मान्यता दिली. गावाच्या परंपरागत सीमेतील वन, मग ते राखीव असो वा अभयारण्यातील, सामूहिक वनसंपत्ती ठरू शकते. ग्रामसभेने निवडलेली १० ते १५ सदस्यांची वनहक्क समिती दावा तयार करते. प्रथम शिवारफेरी, नंतर नजरी नकाशा आणि मग मोजणी, हा क्रम सोयीचा. फेरीत स्त्रिया असाव्यातच. कंदमुळे, रानभाजी व सरपण यांच्या जागा त्यांच्याइतक्या पुरुषांना ठाऊक नसतात.

पुराव्याबाबत मात्र गैरसमज फार. जुनी निस्तारपत्रके, गॅझेटियर, वनखात्याच्या कार्ययोजना हे पुरावे होतातच. पण विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे आणि वृद्धांचे लेखी जबाबही नियमांना मान्य आहेत. उपग्रहाचे छायाचित्र पूरक म्हणून घ्यावे, इतर पुराव्यांच्या जागी नव्हे, असे २०१२ च्या सुधारित नियमांत स्पष्ट म्हटले आहे. छायाचित्रात झाडी दिसते. त्या झाडीत कोण कशासाठी जाते, ते दिसत नाही. केवळ छायाचित्राच्या आधारे दावा फेटाळणे म्हणूनच नियमाला धरून नाही.

एक सावधगिरी आवश्यक आहे. औषधी वनस्पतींच्या जागा नकाशावर नावानिशी नोंदल्या की तो कागद कोणाच्याही हाती पडू शकतो. जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क कायद्याने मानला आहे. पण उघड झालेली गोष्ट परत झाकता येत नाही. काय लिहावे व काय गावातच ठेवावे, हे ग्रामसभेनेच ठरवावे. 'वनौषधी क्षेत्र' एवढी मोघम नोंद दाव्याला पुरते.

शेजारच्या गावाशी शिवेचा वाद निघाल्यास दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वहिवाट तपासावी व निष्कर्ष आपापल्या ग्रामसभांना लेखी कळवावा, अशी नियमांत तरतूद आहे. तेथे न मिटल्यास प्रकरण उपविभागीय समितीकडे जाते. शिवारफेरीलाच शेजारगावच्या दोन-चार जाणत्यांना बोलावले, तर बहुतेक वाद त्या नाल्याच्या काठावरच मिटू शकतात.