पाइपाला तोंड लावण्याआधी

विरार सोडलं की वैतरणा, मग सफाळे, केळवे रोड. या पट्ट्यातल्या वाड्यांत मे महिन्याच्या दुपारी आळ्यांत पाणी सोडणारा माणूस मध्येच पाइप उचलतो, अंगठ्याने धार आवळतो आणि तोंडाला लावतो. विहिरीचं पाणी एकवेळ चांगलं असेल, पण बागेचा पाइप पिण्याच्या पाण्यासाठी केलेला नसतो.

म्हणून पहिलं काम प्लंबरचं. मोटरकडून येणाऱ्या नळाला, पाइप जोडतो त्याच्या अलीकडे, टी टाकून पिण्यासाठी वेगळी तोटी बसवून घ्या. हे केलं तर पुढची निम्मी खटपट वाचते.

तोटी बसेपर्यंत पाइपाचंच पाणी घ्यायची वेळ आली, तर आधी पाइपात साचलेलं पाणी झाडांना जाऊ द्या. किती? १०० फुटी अर्ध्या इंची पाइपात सुमारे ४ लिटर मावतं, एक इंचीत १५ लिटरच्या वर. त्याच्या दुप्पट सोडा. उन्हात तापलेल्या पाइपातलं प्लास्टिक मऊ ठेवणारी रसायनं या पाण्यात उतरतात, पितळी जोडातलं शिसंही उतरू शकतं. ही पहिली गरम धार तोंडावर मारून घेण्याची मजाही नको. कोमट साचलेल्या पाण्यात लीजिओनेला नावाचा जीवाणू वाढू शकतो आणि तो बारीक तुषारांतून फुप्फुसात जातो.

मग पाइपाचं तोंड धुवा, पाणी स्वच्छ कळशीत घ्या, गाळा आणि खळखळ उकळा. पाइपाच्या आत बुळबुळीत थर धरतो, तो नुसत्या धारेने निघत नाही. उकळल्याने जंतू मरतात. शिसं आणि कीटकनाशक मात्र तसंच राहतं. पिण्याच्या पाण्यात शिशाची भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे. इतकं कमी शिसं चवीला कळत नाही, वासालाही नाही. खाडीलगतच्या विहिरीचं मचूळ पाणीही उकळून गोड होत नाही.

खरा धोका फवारणीच्या पिंपात आहे. औषध कालवताना पाइपाचं टोक पिंपात बुडवून ठेवायची सवय असते. तेवढ्यात वीज गेली, मोटर थांबली आणि विहिरीतला फूट व्हॉल्व्ह गळका असला, की पाणी मागे फिरतं आणि पिंपातलं औषध पाइपात, कधी थेट विहिरीपर्यंत खेचलं जातं. तेव्हा टोक पिंपाच्या काठापेक्षा वीतभर वर बांधा. लाइनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवा, पण बसवला म्हणून टोक खाली सोडू नका. फवारणीचा पाइप वेगळा ठेवा, त्याला लाल रंगाचा पट्टा मारा. त्यातलं पाणी कितीही सोडलं, कितीही उकळलं, तरी प्यायचं नाही.

काम संपलं की पाइप उतारावर धरून रिकामा करा, गुंडाळून सावलीत टांगा. तोंड शेणामातीत लोळता कामा नये. कळशी आंब्याखाली, झाकण घालून, शेजारी दांड्याचं ओगराळं. कोणी हात बुडवला तर ते पाणी झाडाला.