एरंडीची पेंड : खत उत्तम, खाद्य घातक

मुळशी तालुक्याचे मुख्य पीक भात होय. भातास द्यावयाच्या सेंद्रिय खतांत एरंडीची पेंड चांगली समजली जाते, कारण तिच्यात सुमारे ४.३ टक्के नत्र असते. परंतु भुईमुगाची किंवा सरकीची पेंड जशी जनावरांस चारतात, तशी ही पेंड चारता येत नाही. असे का, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

एरंडीच्या बियांत रायसिन नावाचे विषारी प्रथिन असते. १८८८ साली स्टिलमार्क या शास्त्रज्ञाने त्याचे वर्णन प्रथम केले. ते पाण्यात विरघळते, तेलात विरघळत नाही. म्हणून घाणीतून तेल निघाले तरी विष पेंडीतच राहते.

या प्रथिनाचे दोन भाग असतात. आतड्याच्या आतील अस्तराच्या पेशींवर शर्करेच्या सूक्ष्म साखळ्या असतात. प्रथिनाचा एक भाग त्यांतील गॅलॅक्टोज ही शर्करा पकडतो. पेशी आपल्या आवरणाचा तेवढा तुकडा आत ओढून घेते व त्याबरोबर विषही आत शिरते. मग दुसरा भाग सुटा होऊन पेशीतील प्रथिने तयार करणारे सूक्ष्म कण एकामागून एक निकामी करतो. त्यामुळे थोडे विषही पुरेसे होते.

प्रयोगशाळेत काचपात्रात वाढविलेल्या पेशींवर हा क्रम तपासण्यात आला आहे. त्या पात्रात दुग्धशर्करा घातली असता विष तिलाच चिकटते व पेशींचा बचाव होतो. मात्र हे प्रयोगापुरतेच खरे आहे. विषबाधा झालेल्या जनावरास दूध पाजणे हा उपचार नव्हे.

विषबाधेची लक्षणे काही तासांनी किंवा एकदोन दिवसांनीही दिसतात. जनावर चारा सोडते, त्यास हगवण लागते, क्वचित रक्तही पडते. या विषावर खास उतारा नाही. सबब पुढील दक्षता घ्यावी :

१. एरंडीच्या पेंडीची पोती गोठ्यात किंवा खाद्याच्या खोलीत ठेवू नयेत. त्यांवर ठळक खूण करावी.

२. पेंड शेतात टाकताच चिखलात किंवा मातीत मिसळावी. त्या वेळी गुरे व कुत्री दूर ठेवावीत.

३. पेंड भिजविलेले पाणी व भांडी जनावरांच्या वापरात आणू नयेत.

४. बांधावरील एरंडीच्या बिया मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. चावलेले बी अधिक घातक असते.

५. जनावराने पेंड खाल्ल्याचा संशय येताच लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकास बोलवावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी खतवाटपाच्या वेळीच ही माहिती प्रत्येक शेतकऱ्यास समजावून द्यावी.