आटगावात ड्रोन उडवायचा तर

मागे माहुलीचे सुळके, पुढे तानसाचं पाणी असा शॉट मनात धरून आटगाव स्टेशनात उतरणारे बरेच असतात. मोबाइलवर ड्रोनसाठीच्या सरकारी 'डिजिटल स्काय'चा नकाशा हिरवा दिसला की परवानगी मिळाली, असं त्यातले बहुतेक धरून चालतात. पण तो नकाशा फक्त हवेबद्दल बोलतो. खालचं रान वनखात्याचं आहे, आणि तानसा अभयारण्यात, म्हणजे माहुली गडावरसुद्धा, वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो.

सुरुवात घरूनच करा. ड्रोन वजन करून बघा. 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. हौसेसाठी उडवायचा असेल तर दोन्हींना पायलटचा परवाना लागत नाही. नोंदणी मात्र करून घ्या, शुल्क 100 रुपये आहे. मायक्रोला तृतीयपक्ष विमाही हवा. 2022 पासून परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे, त्यामुळे बिलाशिवाय स्वस्तात मिळालेला माल नोंदणीपाशी अडतो.

मग अभयारण्याची हद्द. आत उडवायचं असेल तर कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी हवी. ते नागपूरला बसतात. अर्जाची चौकशी स्थानिक वन्यजीव कार्यालयात करा. नाक्यावरच्या गार्डनं मान डोलावली म्हणजे परवाना झाला नाही. माझं मत विचाराल तर हौशी माणसानं आत उडवूच नये. नामशेष झाला असं समजलेला रानपिंगळा 1997 मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि 2014 मध्ये तानसात सापडला. हा पिंगळा दिवसाउजेडी शिकार करतो, आणि हिवाळ्यात, म्हणजे ड्रोनवाल्यांच्या आवडत्या मोसमात, त्याची घरटी झाडांच्या ढोलीत असतात. घरट्याला त्रास देणं कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं. तानसा धरणाच्या भिंतीकडेही कॅमेरा नको. तिथलं पाणी मुंबईला पिण्यासाठी जातं. निघायच्या आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात फोन करून जमावबंदी किंवा ड्रोनबंदीचा आदेश आहे का विचारा. पोलीस अधीक्षक एखादा भाग एका वेळी 96 तासांपर्यंत तात्पुरता लाल करू शकतात, आणि तसं झालं तर कालचा हिरवा नकाशा आज कामाचा नाही.

हद्दीबाहेर जागा भरपूर आहे. भात झोडून झालं की खाचरं मोकळी होतात. मालकाला विचारा: "काका, दहा मिनिटं इथून ड्रोन उडवू का?" गुरं सोडलेली असतील तर दुसरं खाचर बघा. धसकटं आणि धूळ पंख्यात जाऊ नये म्हणून खाली गोणपाट अंथरा. रेल्वेच्या तारांत 25 हजार व्होल्ट असतात, तेव्हा रुळांपासून लांब राहा.

घोटाळा खरा उंचीचा होतो. हिरव्या भागात मर्यादा 120 मीटर, तीही खालच्या जमिनीपासून. स्क्रीनवरचा आकडा मात्र जिथून उडवलं तिथून मोजलेला असतो. टेकडीच्या टोकावरून उडवून ड्रोन दरीवर नेला की स्क्रीन 30 मीटर दाखवत राहते, आणि खालची जमीन केव्हाच 120च्या पलीकडे गेलेली असते. म्हणून दरीकडे नेताना उतार जसा उतरेल तसा ड्रोनही उतरवा. परतीची उंची उडवण्याआधीच सेट करा, आसपासच्या सर्वांत उंच झाडापेक्षा आणि तारेपेक्षा जास्त. होम पॉइंट नोंदला गेल्याशिवाय वर जाऊ नका.

ड्रोन नजरेआड होऊ देऊ नका. घार घिरट्या घालू लागली की शॉट सोडून खाली या. बॅटरी तीस टक्क्यांवर आली की परत. वारा समोरून असेल तर त्याआधीच.

आणि ड्रोन भरकटून अभयारण्यात पडलाच, तर शेवटचं लोकेशन स्क्रीनवरून टिपून घ्या आणि जवळच्या वनचौकीत जाऊन सांगा. शोधायला परस्पर आत शिरलात, तर विनापरवाना प्रवेशाचा वेगळा गुन्हा.